पलटणीतला पंधरा ऑगस्ट



सातारकरांपुढे फौजेबद्दल बोलणं सोपं नाही. समोर बसलेल्या कितीतरी जणांच्या घरातलं कुणीतरी नोकरीला गेलेलं असणार. जवळच्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धावर गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत, आणि त्या गावाच्या नावापुढे आजही ‘मिलिटरी’ लागतं. शौर्याच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या आहेत. मी आज सुट्टीबद्दल बोलणार आहे.

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या आपल्या तीन राष्ट्रीय सुट्ट्या. शाळेत झेंडावंदन, मुलांच्या हातात खाऊ, आणि दहाच्या आत माणूस घरी. सरहद्दीवरच्या पलटणीत नेमकं उलटं. पंधरा ऑगस्ट जवळ आला की गस्त वाढते, नाके वाढतात, रस्ता तपासून मोकळा करणारी पार्टी, म्हणजे आमची आरओपी, नेहमीपेक्षा लवकर बाहेर पडते. त्या आठवड्यात सुट्टीचा अर्ज कुणी पुढे करत नाही. घात करायचा तर समोरच्याला असाच दिवस हवा असतो.

हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सियाचीनवर आपली फौज उतरली ती १३ एप्रिल १९८४ रोजी, बैसाखीच्या दिवशी. सणाच्या दिवशी हिंदुस्थानी फौज हलणार नाही असं समोरचा धरून चालेल, म्हणूनच तो दिवस निवडला होता. कॅप्टन संजय कुलकर्णी यांची कुमाऊँ रेजिमेंटची तुकडी त्या सकाळी हेलिकॉप्टरमधून बिलाफोंड खिंडीपाशी उतरली. सणाचा दिवस कसा साधायचा हे ज्या फौजेला ठाऊक आहे, तिला स्वतःला त्या दिवशी डोळा मिटून चालत नाही.

तरीही झेंडावंदन होतंच. उंचावरची एखादी छोटी पोस्ट घ्या. आदल्या दिवशी दगडांना चुना लागतो, दांडा सरळ केला जातो, लंगरमध्ये कढई चढते. सकाळी जेवढे मोकळे असतील तेवढे रांगेत उभे राहतात. पण संत्री आपल्या जागेवरून हलत नाही. त्याची नजर समोरच्या उतारावर, हात हत्यारावर. मागे झेंडा वर जातो, राष्ट्रगीत होतं, ते तो झेंड्याकडे पाठ करूनच ऐकतो. ड्यूटी बदलली की कुणीतरी त्याचा लाडू आणून देतो. मी दिल्लीच्या संचलनातली शिस्त पाहिली आहे, तिचा मला अभिमान आहे. पण पंधरा ऑगस्ट म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तो संत्री येतो.

राष्ट्रीय सणांचं हे असं ठरलेलं असतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. खरी ओढाताण गणपती-दिवाळीची. एका वेळी किती माणसं सोडायची याला मर्यादा असते. जिथं शीख, मल्याळी, बंगाली, मुसलमान एकाच युनिटात असतात तिथं एक ओणमला जातो, दुसरा लोहडीला, तिसरा ईदला, आणि एकमेकांच्या ड्यूट्या उचलतात. मराठा पलटणीत जवळपास सगळ्यांची दिवाळी एकाच दिवशी! कंपनीचे सुभेदार साहेब यादी घेऊन बसतात तेव्हा त्यांच्याइतका अडचणीत दुसरा माणूस नसतो. कुणाचं बाळ तीन महिन्यांचं झालंय आणि त्यानं ते पाहिलेलं नाही. कुणाचे वडील अंथरुणाला खिळलेत. अशा वेळी मागून एखादा म्हणतो, “साहेब, माझं नाव खोडा, त्याला जाऊ द्या. मी यात्रेला जाईन.” हे म्हणणाऱ्यालाही घर असतं, हे विसरू नका. पुढे सुट्टीवरून परतलेला गडी फराळाचा डबा आणतो. जम्मूपर्यंतच्या झेलम एक्स्प्रेसमध्ये आणि पुढे ट्रकमध्ये करंज्या फुटलेल्या असतात. तरी सगळ्या सेक्शनला त्या पुरवून खाल्ल्या जातात.

इकडे घरीही दिवाळी थांबलेली असते. मुलगा मे महिन्यात आला तर आई मे महिन्यात चकलीचा सोऱ्या काढते. शेजारणींना त्यात नवल वाटत नाही, त्यांच्याही घरी तेच चालतं.

सणाला पुढारी सरहद्दीवर मिठाई घेऊन जातात, ते चांगलंच आहे. पण जवानाचा जीव सुट्टीत असतो. नियमानं वर्षाला ६० दिवसांची वार्षिक सुट्टी आणि ३० दिवसांची नैमित्तिक असते. ऐकायला भरपूर वाटते. ती मागेल तेव्हा मिळत नाही, आणि मिळाल्यावर जाते कुठे, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे: सातबाऱ्यावर वारसाची नोंद राहिली, रेशनकार्डात बायकोचं नाव चढलं नाही, बांधाचा वाद मोजणीसाठी अडला. “साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या.” सोमवारी आणखी एक कागद कमी निघतो. वर्षभर सण सोडून साठवलेले दिवस कचेरीतल्या बाकड्यावर संपतात, आणि पोरगं घरी विचारत राहतं, बाबा कुठं गेले.

हे बदलायला दिल्लीला जायला नको. या सभागृहात महसूल खात्यातली मंडळी आहेत, ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत, बँकेतले आहेत. सुट्टीवर आलेल्या माणसाचा कागद त्याच दिवशी हातावेगळा करायचा, आणि एखादं कागदपत्र कमी असेल तर पहिल्याच खेपेला सगळं एकदम सांगायचं, एवढं प्रत्येकानं आपल्या टेबलापुरतं ठरवावं. पुढच्या सोमवारपासून सुरू करता येईल.