आहे तो प्रवासी राखा



या परिषदेच्या अध्यक्षपदाचा मान आपण मला दिलात. यंदाचा विषय आहे कमी कार्बनची, टिकाऊ वाहतूक आणि त्यासाठीचं सार्वजनिक धोरण. बॅटरी, चार्जिंग, हायड्रोजन यांवर जाणकार मंडळी दोन दिवस निबंध वाचणार आहेत. अध्यक्षाला मात्र एक सवलत असते. त्याने एकच मुद्दा लावून धरला तरी कुणी हरकत घेत नाही. मी ती सवलत घेतो.

माझा मुद्दा असा, की आपल्याकडची बहुसंख्य माणसं आजही कमी कार्बनचाच प्रवास करतात. 2011 च्या जनगणनेत कामावर कसं जाता, हा प्रश्न विचारला गेला. मोटारीने जाणारे देशभरात तीन टक्क्यांच्या आसपास निघाले. पायी, सायकलने, बसने आणि रेल्वेने जाणारे त्यांच्या कितीतरी पट. त्यानंतर दुचाक्या आणि मोटारी खूप वाढल्या, हे मान्य. तरीही युरोपातल्या शहरांना मोटारीतून माणसं बाहेर काढावी लागतात, आपल्याला माणसं मोटारीत जाण्यापासून थोपवायची आहेत. आपलं काम तुलनेने सोपं आहे, आणि तेच आपल्या हातून निसटतं आहे.

थोडा ढोबळ हिशेब मांडतो. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरला चार किलोमीटर धावणारी बस म्हणजे किलोमीटरमागे पावणेसातशे ग्रॅम. बसमध्ये चाळीस माणसं असली, तर माणशी सतरा ग्रॅम. आता इलेक्ट्रिक मोटार घ्या. ती किलोमीटरला साधारण 0.15 युनिट वीज खाते. आपली बहुतांश वीज अजून कोळशावरची, युनिटमागे सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एकट्याने मोटार हाकणारा किलोमीटरला शंभराहून अधिक ग्रॅम सोडतो. धुराची, जुनी, भरलेली बस त्या चकचकीत मोटारीपेक्षा सहापट बरी ठरते. आणि त्याच बसमध्ये आठच माणसं उरली, तर माणशी आकडा ऐंशीच्या वर जातो आणि फरक जवळजवळ मिटतो. बस इलेक्ट्रिक झाली की शहराच्या हवेला त्याच दिवसापासून फायदा होतो, कार्बनचा फायदा वीज जसजशी स्वच्छ होईल तसतसा वाढेल. पण भारमान, म्हणजे गाडी किती भरलेली आहे हे, आज, आत्ता मोजावं लागतं. बस कशावर धावते याइतकंच तिच्यात कोण बसतं हे महत्त्वाचं आहे.

आता बसमधली माणसं कमी कशी होतात, ते पाहू. एसटीच्या आगारात प्रत्येक फेरीचं प्रतिकिलोमीटर उत्पन्न काढलं जातं. तालुक्यापासून दूरच्या एखाद्या गावाला रात्री मुक्कामी गाडी जाते आणि पहाटे परत निघते. तिच्यात दूधवाले असतात, तालुक्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुली असतात, दवाखान्यात निघालेलं एखादं म्हातारं जोडपं असतं. उत्पन्न कमी, म्हणून आधी ती गाडी अधूनमधून रद्द होते. गाडी येईलच याचा भरवसा गेला, की ज्याला परवडतं तो हप्त्यावर मोटारसायकल घेतो, बाकीचे वडापच्या खासगी जीपमध्ये दाटीवाटीने बसतात. भारमान आणखी घसरतं. मग फेरी कायमची बंद करायला कागदोपत्री कारण तयार असतं. पुढे मुलीला पास फुकट मिळतो, पण तो दाखवायला गाडी नसते. आणि घरात आलेली मोटारसायकल, बस पुन्हा सुरू झाली म्हणून कुणी विकत नाही.

याच एसटीने उलटही करून दाखवलं आहे. मार्च 2023 पासून महिलांना निम्मं तिकीट झालं आणि त्या सवलतीची भरपाई शासनाने उचलली. गाड्यांमध्ये महिलांची गर्दी लगेच वाढली. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या या संस्थेला प्रवासी शोधायला जावं लागत नाही. गाडी वेळेवर आली आणि तिकीट झेपलं, तर तो थांब्यावर उभाच असतो.

मुंबईकडे पाहू. 1925 मध्ये बोरीबंदर-कुर्ला मार्गावर देशातली पहिली विजेवरची रेल्वे धावली. ट्राम तर 1907 पासूनच विजेवर होती. 1962 मध्ये विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार संस्थेने मुंबईसाठी वेगवान महामार्गांचा आराखडा दिला आणि 1964 मध्ये शेवटची ट्राम बंद झाली. तेव्हा रस्ता कुणासाठी, हा प्रश्न ज्या पद्धतीने सोडवला गेला, तीच पद्धत पुढे पडून गेली. एकेकाळी बेस्टच्या वीजविभागाची कमाई बससेवेचा तोटा भरून काढत असे. वीजक्षेत्राचे नियम बदलले आणि तो आधार सुटला. त्या जागी दुसरा कायमचा आधार मात्र कुणी उभा केला नाही. त्यानंतर भाडेतत्त्वावरच्या बस आल्या. कंत्राटदाराला पैसे धावलेल्या किलोमीटरचे मिळतात. थांब्यावर प्रवासी घेतले काय, न घेतले काय, त्याच्या बिलात फारसा फरक पडत नाही. करार लिहिताना आपण जे मोजतो, तेच रस्त्यावर दिसतं.

पुण्याची गोष्ट आपल्याला अधिक बोचावी. वाहनांपेक्षा माणसांची ये-जा महत्त्वाची, असं सांगणारं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण 2006 मध्ये आलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात बीआरटीचा, म्हणजे बसला स्वतंत्र मार्गिका देण्याचा, पहिला प्रयोग सुरू झाला. मार्गिका अर्धवट, थांबे गैरसोयीचे, रस्ता ओलांडायची सोय नाही. सेवा सुधारण्याआधीच तिची बदनामी झाली. नगर रस्त्यावरची मार्गिका तर पुढे उखडून टाकण्यात आली. शेजारच्या पिंपरी-चिंचवडने आपल्या मार्गिका टिकवल्या. तंत्र दोन्हीकडे सारखंच होतं. फरक पडला तो इतकाच, की कोंडी झाल्यावर थांबायचं कुणी, बसने की मोटारीने, याचं उत्तर ठामपणे दिलं गेलं की नाही.

कागदावरची विसंगतीही पाहा. एका विभागाचं धोरण सार्वजनिक वाहतूक वाढवा म्हणतं. दुसऱ्या विभागाची 2020 ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली प्रत्येक इमारतीत किमान किती वाहनं उभी राहिली पाहिजेत, याचा तक्ता देते. घर घेणारा वाहनतळाचे पैसे मोजतो, मग त्याच्याकडे मोटार असो वा नसो. राज्याच्या नव्या ईव्ही धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफी आहे. ती पन्नास जणांच्या बसला जितकी, तितकीच एकट्याच्या मोटारीलाही.

मोटारीला शिस्त लावायची म्हटली की लोकप्रतिनिधी बिचकतात. त्यांना स्टॉकहोमचा क्रम सांगावा. तिथे ऑगस्ट 2005 मध्ये आधी बस वाढवल्या आणि जानेवारी 2006 मध्ये गर्दीच्या भागात शिरणाऱ्या मोटारींवर आकार बसवला. सुरुवातीला मोठा विरोध होता. सात महिन्यांच्या चाचणीनंतर सप्टेंबरमध्ये शहरातल्या मतदारांनी कौल त्याच्या बाजूने दिला. आधी सोय, मग आकार. हा क्रम उलटला, की चांगली योजनाही फसते. सोय झाली की माणूस आपणहून येतो, हे पाहायला दूर कशाला, आपली कोकण रेल्वे 1999 पासून मालाने भरलेले ट्रक कोलाडला रेल्वेच्या वाघिणींवर चढवून दक्षिणेला नेते आहे. ट्रकवाला डिझेल वाचतं म्हणून येतो, त्याला पर्यावरणाचं व्याख्यान द्यावं लागत नाही.

तेव्हा या परिषदेने शासनाकडे चार गोष्टी मागाव्यात, असं मी सुचवतो. पहिली, बससेवेचा किमान दर्जा ठरवावा. कोणत्या गावाला दिवसातून किमान किती फेऱ्या आणि शहरात किती मिनिटांनी बस, हे ठरावं आणि त्याचा खर्च तोटा म्हणून न दाखवता अर्थसंकल्पात सेवेची किंमत म्हणून दाखवावा. दुसरी, पार्किंगच्या शुल्काचा पैसा त्याच शहराच्या बस आणि पदपथांसाठी राखून ठेवावा. तिसरी, वाहनतळाचा किमान तक्ता रेल्वे आणि मेट्रो स्थानकांच्या परिसरात तरी रद्द करावा. चौथी, करारांमध्ये किलोमीटरच्या जोडीने घेतलेले प्रवासी आणि वेळेवर सुटलेल्या फेऱ्या मोजाव्यात.

पाचवी गोष्ट शासनाकडे मागायची नाही, ती आपण अभियंत्यांनी आणि नगररचनाकारांनीच करायची आहे. उड्डाणपूल असो, रुंदीकरण असो, सागरी रस्ता असो, त्याच्या अहवालात वाहनांच्या वेगाचे तक्ते पानोपानी असतात. त्यात एक पान वाढवा. आज या रस्त्याने पायी आणि बसने जाणारे किती, आणि प्रकल्पानंतर त्यांचा वेळ वाचणार की वाढणार? उत्तर 'वाढणार' असेल, तर तो प्रकल्प कमी कार्बनचा आहे असं त्या अहवालात लिहू नका. मंत्री बदलतात, आयुक्त बदलतात, पण आराखड्यावर सही आपली असते. ती करताना हे एक पान मागायचं, असा ठराव उद्याच्या समारोपात व्हावा, अशी सूचना मांडून मी माझं भाषण संपवतो.