हजारपट, पण कशाच्या?

28 जुलै 2015 रोजी इंटेल आणि मायक्रॉन या अमेरिकी कंपन्यांनी एक नवी मेमरी जाहीर केली. नाव थ्रीडी क्रॉसपॉइंट. पेन ड्राइव्हमध्ये असते त्या फ्लॅश मेमरीपेक्षा ही हजारपट वेगवान, हजारपट टिकाऊ. शिवाय वीज गेली तरी माहिती शाबूत! ऐकणारा हरखून जाईल असाच दावा होता.

जाणकारांनी मात्र लगेच विचारले, हिच्या आत पदार्थ कोणता? कंपन्यांनी ते सांगायचे टाळले आणि वाद पेटला. 2017 मध्ये चिप बाजारात आली. टेकइनसाइट्स या संस्थेच्या तज्ज्ञांनी ती उघडून थर तपासले, तेव्हा जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचे मिश्रण निघाले. संशोधकांच्या ते जुन्या ओळखीचे होते.

आणि वेग? हजारपट हा हिशेब मेमरीच्या एका सूक्ष्म घटकापुरता होता. तो घटक ड्राइव्हमध्ये बसला, की भोवतालची सर्किटे आणि सॉफ्टवेअर आपापला वेळ घेतात. एक्सप्रेसवेवर गाडी कितीही सुसाट सोडली तरी टोलनाक्यावर थांबावेच लागते, तसे हे. याच मेमरीच्या इंटेलच्या ऑप्टेन ड्राइव्हला माहिती वाचून द्यायला साधारण 10 मायक्रोसेकंद लागत. फ्लॅशला लागत शंभराच्या आसपास. म्हणजे फरक सुमारे दहापट.

दहापट काही थोडी नाही. रोज तीस वेळा संपूर्ण ड्राइव्ह नव्याने लिहिला तरी तो टिकेल, अशी हमी सर्व्हरच्या ड्राइव्हला होती. हे खरे कर्तृत्व होते. पण लोकांच्या कानात हजाराचा आकडा बसलेला. त्यापुढे दहापट फिकीच वाटली. किंमत फ्लॅशच्या कितीतरी वर, आणि फ्लॅश तर स्वस्तच होत गेली. 2021 मध्ये मायक्रॉनने यातून अंग काढून घेतले. 2022 मध्ये इंटेलनेही ऑप्टेन गुंडाळायला घेतले आणि पडून राहिलेल्या मालापोटी 559 दशलक्ष डॉलरचा तोटा हिशेबात दाखवला.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे. नव्या मेमरीची बातमी आली, की तीन गोष्टी विचारा. तुलना कशाशी केली? मोजमाप सुट्या घटकाचे, की पूर्ण यंत्राचे? कंपनीबाहेरच्या कुणी ते पडताळले का? असे विचारणाऱ्याला विज्ञानाचा वैरी समजू नका. आणि कंपन्यांनो, दहापट असेल तर दहापटच सांगा. वर्षानुवर्षे खपलेल्या इंजिनिअरांचे खरे चीज त्यातच आहे.