गोंदियाची पोरं आणि व्यायामाचे शास्त्र



पहाटे पाचच्या सुमाराला आमगाव, देवरी किंवा तिरोड्याच्या रस्त्यावर निघालात, तर धावणारी मुलंमुली भेटतील. पोलीस भरतीची तयारी चाललेली असते. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय 100 मीटर धावणे आणि गोळाफेक. सगळे मिळून ग्राउंडचे 50 गुण. धानावर जगणाऱ्या आपल्या जिल्ह्यात या 50 गुणांकडे अख्खे घर डोळे लावून बसलेले असते. पण ही पोरं धावतात कुणाच्या सल्ल्याने? बहुधा आधी भरती झालेल्या गावातल्याच एखाद्या दादाच्या. त्या दादाचे उपकार आहेतच. तरी इतकी पोरं जिथे जिवाच्या आकांताने धावतात, तिथे व्यायामाचे शास्त्र विद्यापीठात शिकून आलेला माणूस तालुक्यातालुक्यात असलाच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

शिट्टी वाजवून कवायत घेण्यापुरते हे शास्त्र नाही. शरीररचना, शरीरक्रिया, हालचालींचे यंत्रशास्त्र, आहार, मानसशास्त्र हे सगळे त्यात शिकावे लागते, आणि मुख्य म्हणजे मोजायला शिकावे लागते. आपल्याकडे ही दृष्टी जुनी आहे. बडोद्याला व्यायामगुरू राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली तयार झालेल्या स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम उभारले. नौली, उड्डियान या योगक्रिया करताना शरीराच्या आत काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाबमापकाने तपासले. विदर्भात तर 1914 पासून अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालयही तिथे आहे. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेस पकडून बडनेऱ्याला उतरायचे, की अमरावती आलीच.

आता आपल्या जिल्ह्याचा खास प्रश्न. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्तदोषाचे प्रमाण मोठे आहे. ज्याला आई आणि वडील दोघांकडूनही हा दोष मिळतो, तो आजारी पडतो. एकाकडूनच मिळाला, तर तो वाहक. अहवालावर ‘एएस’ लिहिलेले असते. वाहक सहसा ठणठणीत असतो, धान रोवतो, कबड्डी खेळतो, आणि पुष्कळदा आपण वाहक आहोत हे त्याला ठाऊकच नसते. पण वैशाखाच्या उन्हात, पाणी न पिता, न थांबता जीव तोडून धावले, तर त्याच्याही तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊ शकतात. मग स्नायूंना रक्त कमी पडते, स्नायू विरघळू लागतात आणि त्याचा मारा मूत्रपिंडावर होतो. अमेरिकी सैन्यातल्या सुमारे 48 हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे उष्म्याची काळजी घेतली जात होती; वाहकांमध्ये मृत्यूचा धोका वाढलेला आढळला नाही, मात्र स्नायू विरघळण्याचा धोका साधारण दीडपट निघाला.

म्हणजे वाहकाने धावू नये, असे मुळीच नाही. त्याने हळूहळू अंतर वाढवावे, उन्हाची सवय होण्यास दहा-पंधरा दिवस द्यावेत, मध्ये दम घ्यावा, पाणी प्यावे. पायाला गोळे येऊन शक्ती गेल्यासारखी वाटली, तर ‘अजून एक राउंड’ म्हणून त्याला कुणी ढकलू नये. ताबडतोब सावलीत घ्यावे आणि दवाखाना गाठावा. मैदानावर उभ्या असलेल्या माणसाला एवढे कळले, तर एखाद्या आईचा लेक वाचतो. या शास्त्राची याहून मोठी उपयुक्तता मला सांगता येणार नाही.

रोवणीच्या दिवसांत चिखलात तासन्‌तास वाकणाऱ्या बायांच्या कमरेचा अभ्यासही याच शास्त्राचा. तो मुंबई-पुण्याच्या मुलांनी येऊन करावा, अशी वाट का पाहायची?

बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या आणि मैदानाची ओढ असलेल्या मुलामुलींनो, डॉक्टरकीचा नंबर लागला नाही म्हणून हिरमुसू नका. ही वाट नीट पाहा. आईबाबांनो, ‘खेळून पोट भरते का’ असे म्हणून त्यांना अडवू नका. आणि भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने उन्हाळा लागण्याआधी जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन सिकलसेलची तपासणी करून घ्यावी.