पाणी कुठवर आलं होतं?



घर विकायचं ठरलं की आपण पहिला निरोप रंगाऱ्याला पाठवतो. मीही तेच केलं. वडिलांचं घर भंडाऱ्यातलं, वैनगंगेपासून फार लांब नाही. ऑगस्ट 2020 च्या अखेरीला नदी फुगली आणि शहराच्या सखल वस्त्यांत शिरली, तेव्हा आमच्या बैठकीत पाणी खिडकीच्या तळाला टेकलं होतं. ते ओसरलं, पण भिंतीवर करडी रेघ राहिली. विकायच्या वेळी त्या रेघेवर मी पुट्टी भरून घेतली आणि वर पिस्ता रंग दिला.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते साकोलीकडचं. माणूस धानाचा शेतकरी, मुलींच्या शिक्षणासाठी भंडाऱ्यात घर बघत होता. त्याने रंगाकडे पाहिलंच नाही. भिंतीला तळहात लावला आणि विचारलं, "भाऊ, वीसच्या पुरात इथं पाणी कुठवर आलं होतं?" मी अडखळलो. तो चहा पिऊन, नमस्कार करून गेला आणि परत आला नाही. पाणी आलं होतं हे त्याला शेजारच्या ओसरीवरही कळलं असतं. मी अडखळलो तेव्हा मात्र हा माणूस आणखी काय लपवतो आहे, हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहिला असणार. त्याच्या जागी मी असतो तर माझ्याही मनात राहिला असता.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं आहे. घर विकायला तयार करायचं म्हणजे घेणारा काय विचारणार ते ओळखून त्याचं खरं उत्तर तयार ठेवायचं. आपल्या जिल्ह्यात घर घेणारा कोण असतो? जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतला कामगार, बदलीवर आलेली शिक्षिका, वरठीहून रेल्वेने नागपूरला जाऊन-येऊन नोकरी करणारा तरुण, पवनी-लाखांदूरकडून शहरात येणारं शेतकऱ्याचं कुटुंब. यांची आयुष्याची कमाई एका दस्तावर लागते. टाइल्सचा रंग त्यांना नंतर बदलता येतो. नदी, कागद आणि छप्पर यांची बात वेगळी.

म्हणून नदीचा प्रश्न आधी. पूररेषा दोन असतात. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते, निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटी असतात. आपलं घर यात कुठे बसतं हे विकणाऱ्याने आधीच नकाशावर पाहून घ्यावं, कारण घेणाऱ्याला उद्या वर मजला चढवायचा असतो. पाणी किती दिवस राहिलं, कोणत्या बाजूने शिरलं, वीज कधी आली, विहिरीचं पाणी पुन्हा पिण्याजोगं कधी झालं, हेही सांगावं. विजेचे बोर्ड पुराच्या रेघेच्या वर नेता आले तर न्यावेत. रंगापेक्षा त्या खर्चाचं मोल अधिक आहे.

आणि ही केवळ भलेपणाची गोष्ट नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 सालचा. त्याच्या कलम 55 मध्ये विकणाऱ्याचं पहिलंच कर्तव्य सांगितलं आहे: मालमत्तेतला किंवा मालकी हक्कातला जो महत्त्वाचा दोष आपल्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही, तो उघड करावा. न सांगणं हे कपट समजावं, असं तेच कलम म्हणतं. पुट्टीखाली दडलेली ओल याच जातीची आहे, असं मी मानतो.

आता कागद. खेड्यात अजून पुष्कळ जण ग्रामपंचायतीचा नमुना 8 पुढे करतात आणि म्हणतात, घर माझ्या नावावर आहे. तो कर आकारणीचा कागद आहे. मालकी त्याने सिद्ध होत नाही. गावठाणांच्या ड्रोन मोजणीची स्वामित्व योजना 24 एप्रिल 2020 ला सुरू झाली; तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका काढून घ्या. शहरात आखीव पत्रिका लागते. जागा नझूलची असेल तर पट्ट्याची मुदत बघा. गोसीखुर्दच्या पुनर्वसनात मिळालेला भूखंड असेल तर हस्तांतरणावर काही अट आहे का, ते वाचल्याशिवाय बयाणा घेऊ नका.

आमच्या घरी दुसरा खरेदीदार आला तो इथेच थांबला. त्याच्या वकिलाने विचारलं, बहिणीची सही कुठे आहे? वडील मृत्युपत्र न करता गेले होते. वारस म्हणून आम्हा दोघा भावांइतकाच ताईचा हक्क होता आणि फेरफारात तिचं नावच नव्हतं. अशा वेळी आपल्याकडे बहिणीला माहेरची साडी नेसवून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत आहे. मला ती मान्य नाही. आम्ही ताईचं नाव लावून घेतलं, विक्रीखतावर तिची सही झाली आणि तिचा तिसरा हिस्सा तिच्या खात्यात गेला. यात चार महिने गेले, आणि ते आम्ही विक्रीला काढण्याआधीच घालवायला हवे होते.

छपराबद्दल थोडंच सांगतो. कवेलूचं घर असेल तर मृगाच्या आत कवेलू फेरून घ्या, मयाली ठोकून वाळवी बघा. स्लॅब असेल तर गळती आधी काढा, रंग मागून. आणि घर श्रावणात दाखवा. धानाचे पैसे हाती आले की लोक उन्हाळ्याच्या तोंडाशी घर बघायला निघतात, तेव्हा सगळीच घरं कोरडी दिसतात. भर पावसात जे घर कोरडं दिसतं, त्याच्यासाठी घासाघीस कमी होते.

सामान मात्र आवरा. आईची पितळेची गुंडं, धानाच्या कोठ्या, सांदवाडीतली मोडकी खाट, हे सगळं तिथेच असेल तर घेणाऱ्याला तुमचं घर दिसतं, त्याचं दिसत नाही. ही आवराआवर मनाला जड जाते. आम्हाला दहा दिवस लागले. देव शेवटी हलवले.

तिसऱ्या वेळी मी रंगाऱ्याला परत बोलावलं आणि बैठकीतली ती पुट्टी खरवडून काढली. रेघ पुन्हा दिसली. जे कुटुंब बघायला आलं त्यांना मी ती आधी दाखवली, मग कागदांची फाइल दिली, मग चहा. त्यांनी मागितल्यापेक्षा थोडे कमी दिले आणि पंधरा दिवसांत दस्त नोंदवला.

मंडळी, तुमच्यापैकी ज्यांची घरं नदीकाठच्या वस्त्यांत आहेत त्यांना, विकायचं असो वा नसो, माझी विनंती आहे. उद्याच भिंतीवर 2020 चं पाणी जिथवर आलं होतं तिथे पक्क्या रंगाने रेघ मारा आणि खाली तारीख लिहा. ते पाणी पाहिलेली माणसं अजून घरात आहेत, तोवर हे करून घ्या.