माळ्यावरच्या स्लाइड

दिल्ली-नोएडाकडच्या मराठी घरांत माळ्यावर अजून एखादा स्लाइडचा डबा निघतो. पुठ्ठ्याच्या चौकटीत कुतुबमिनारपुढे उभे आजी-आजोबा! त्या स्लाइड स्कॅन करायच्या तर मे-जूनमधली आंधीची दुपार टाळा. आधी रबरी फुंकणीनं हवा मारा, मग मऊ ब्रश फिरवा. तोंडानं फुंकर नको, थुंकी उडते. बुरशीची जाळी दिसली तर पाणी लावूच नका.

चौकटीवर ‘कोडाक्रोम’ छापलंय का, ते जरूर पाहा. 1935 साली आलेली ही फिल्म अंधारात ठेवली तर रंग फार छान टिकवते. पण स्कॅनरची इन्फ्रारेड धूळसफाई तिला बहुधा मानवत नाही. फोटोतला बारीक तपशीलच धूळ समजून पुसला जातो. नेहमीच्या कृष्णधवल फिल्मचंही तेच. तिथं ती सोय बंद ठेवा, डाग नंतर हातानं काढा. वेळ लागतो, लागू द्या.

35 मिलिमीटरच्या स्लाइडला 4000 डीपीआय भरपूर झाले; त्यातून सुमारे 2 कोटी बिंदूंचं चित्र मिळतं. मूळ प्रत टिफमध्ये ठेवा, नातेवाइकांना जेपेग पाठवा. आणि चौकटीवर कुणी गावाचं नाव, साल लिहिलं असेल, तर त्याचाही मोबाइलवर फोटो काढून सोबत ठेवा.