पुडीत काय आहे?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांच्या मनात बोनस नाही तर कंत्राटी कामगार असावा. अमली पदार्थ चटकन ओळखणाऱ्या यंत्राविषयी बोलतो म्हटल्यावर मंडळी जरा चपापली. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे वाचनालयात आणि कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. पण विषय कामगाराचाच आहे. दोडामार्ग गोव्याच्या वेशीवर. सकाळी किती पोरे डिचोलीकडे, म्हापशाकडे कामाला जातात ते आपण रोज पाहतो. टेंपो हाकणारा, गोदामात पोती उचलणारा, हॉटेलच्या खोल्या झाडणारा माणूस दुसऱ्याचा माल हाताळतो. पोत्यात काय आहे हे विचारायची त्याला सोय नसते. पोते फुटले म्हणजे पहिला हात मात्र त्याच्या खांद्यावर पडतो.

२०१० साली भोपाळच्या विमानतळावर एका प्रवाशाच्या सामानातल्या पुडीवर यंत्राने अमली पदार्थाची खूण दाखवली. पुडीत होते आमचूर. कैरी वाळवून केलेली पूड! गृहस्थ तुरुंगात गेले. नमुना अखेर हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेत पोचला, तिथून निर्वाळा आला, आणि ते सुटले ५७ दिवसांनी. १० लाख रुपये भरपाईचा उच्च न्यायालयाचा हुकूम निघायला २०२५ साल उजाडले. तो शिकलेला माणूस होता. त्या जागी आपला हमाल असता तर?

कायदा कडक आहे, आणि तो असावाही. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात व्यापारी प्रमाणाचा माल सापडला तर आरोपी निर्दोष असावा असे कोर्टाला सकृद्दर्शनी पटल्याशिवाय जामीन नाही. आरोपपत्राला मुदत १८० दिवसांची. तरुण पोरांच्या तोंडी ज्याचे नाव ‘एम.डी.’ आहे त्या मेफेड्रोनचे व्यापारी प्रमाण अवघे ५० ग्रॅम, म्हणजे चहाच्या लहान पुडीएवढे. त्यात भेसळ किती हे पाहायचे नाही, सगळ्या पुडीचे वजन धरायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरवून दिले. मग खटल्याचा सगळा भार येतो तो एकाच प्रश्नावर : पुडीत आहे काय?

हे ओळखण्याची जुनी रीत रंगाची. पुडीवर रसायनाचा थेंब टाकायचा आणि रंग पाहायचा. विमानतळावरचे यंत्र त्याहून पुढचे. ते भारित कण हवेतून धावायला लावते आणि किती वेळात पोचले ते मोजते. काळोखात पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखावा, तसा हा प्रकार. बहुधा बरोबर ठरतो, पण शेजाऱ्याची चालही तशीच असू शकते.

मास स्पेक्ट्रोमीटर पदार्थाचे रेणूच तोलतो. सोनाराचा काटा म्हणा ना. हायड्रोजनच्या अणूचे वजन १ धरले तर मेफेड्रोनच्या रेणूचे सुमारे १७७, हेरॉईनचे ३६९. कैरीला आंबटपणा देणाऱ्या सायट्रिक आम्लाचे १९२. वजनावर गल्लत व्हायला नको. हे शास्त्र नवे नाही. ॲस्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने असे यंत्र १९१९ साली बांधले आणि १९२२ साली त्याला नोबेल मिळाले. अडचण होती वेळाची. नमुना विरघळवायचा, लांब नळीतून सोडून घटक वेगळे करायचे, मग तोलायचे. एकेका नमुन्याला अर्धा तास सहज जातो, आणि बाहेर रांग लागलेली. २००५ च्या सुमारास कोडी आणि लारामी या अमेरिकन शास्त्रज्ञांनी युक्ती काढली. तापलेल्या हेलियम वायूचा झोत, आणि त्यासमोर काचेच्या काडीच्या टोकावर पुडीचा कण. तो उघड्या हवेतच भारित होऊन यंत्रात ओढला जातो, आणि काही सेकंदांत आकडा समोर येतो. अमेरिकेत मेरिलँडच्या पोलीस प्रयोगशाळेने तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या साह्याने ही रीत उचलली. वापरलेल्या पुड्यांवरून नुसता बोळा फिरवून तपासल्यावर जनावरांना गुंगी आणायचे औषध मिसळलेले आढळू लागले. व्यसनी माणसाचा जीव वाचवायलाही ही माहिती लागतेच.

पण काट्यालाही मर्यादा आहे. १७७ वजनाचे रेणू एकाहून अधिक आहेत. तेच अणू, मांडणी वेगळी. इथाइलकॅथिनोनचेही वजन तेच. रेणू फोडून तुकडे तोलले तर पुष्कळसा उलगडा होतो, पण काही जुळी भावंडे त्यातूनही निसटतात. तेव्हा सेकंदाचा निकाल हा चाळणीचा निकाल. शिक्षेसाठी जुनी सावकाश तपासणी हवीच. मात्र आमचूर बाजूला काढायला चाळण पुरते, आणि निर्दोष माणसाला तेच तर हवे असते. २०२२ च्या नियमांत प्रयोगशाळेने १५ दिवसांत अहवाल द्यावा असे लिहिले आहे. नियम कागदावर धावतो, प्रयोगशाळा मनुष्यबळावर चालते. तिथल्या रिकाम्या जागा भरा ही मागणी आमच्या युनियनच्या पत्रकात का नसावी, हे मला कळत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोन पकडले. बाहेरून साधा कारखाना, आत पांढरी भुकटी. अशा जागी पिंपे हलवणाऱ्या मजुराला ही भुकटी औषधाची की विषाची हे सांगणार कोण? उद्या आपल्या आडाळीच्या वसाहतीत कारखाने उभे राहिले तर प्रत्येक पिंपावर मराठीत नाव हवे, आणि ते खरे आहे की नाही हे कारखाना निरीक्षकाने नमुना घेऊन पाहावे.

मला मित्राने विचारले, हेच यंत्र मालकाने गेटवर कामगाराच्या थुंकीला लावले तर? लावील, संधी मिळाली तर जरूर लावील. खोकल्याचे औषध घेतलेला माणूस मग कोणाकोणाला खुलासे देत बसणार? त्या वेळी भांडण यंत्राशी नाही, नमुना कोणाच्या संमतीने घेतला याच्याशी आहे.

शेवटी कामाचे सांगतो. घरातले माणूस अशा प्रकरणात अडकले तर आधी वकील गाठा. नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढले गेले का, कोणत्या तारखेला, मोहोर कसली, प्रयोगशाळेत कधी पोचले, हे चार प्रश्न लिहूनच न्या. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळतो. अर्ज विधी सेवा समितीकडे करायचा.