तीन मेणबत्त्या आणि एक प्रश्न

कॉलेजात येण्यापूर्वी मी सातवीला विज्ञान शिकवीत असे. ताटलीत पाणी, मधोमध जळती मेणबत्ती, तिच्यावर पालथा पेला. मेणबत्ती विझते, पाणी पेल्यात चढते. "प्राणवायू संपला, त्याची जागा पाण्याने घेतली," असे मी दरवर्षी सांगे.

एकदा एका मुलीने विचारले, "गुरुजी, तीन मेणबत्त्या लावल्या तर?" घंटा व्हायची होती; मी तिला खाली बसविले. रात्री घरी करून पाहिले, तर पाणी अधिक चढले! पेला तोच, त्यातला प्राणवायूही तेवढाच. मग? ज्योतीने तापून फुगलेली हवा विझल्यावर निवते, आकसते. पाणी चढते ते मुख्यतः त्यामुळे. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी माझी चूक कबूल केली.

शिक्षक बंधुभगिनींनो, प्रयोगशाळा नाही म्हणून अडून बसू नका. पाच-पाच मुलांचे गट करा. कुणी पाणी आणील, कुणी पेला धरील, कुणी टिपून ठेवील. काडी मात्र आपणच ओढावी. काय होईल, ते मुलांकडून आधी वहीत लिहवून घ्या. हाताला काम मिळाले की गलका आपोआप ओसरतो. आणि शेवटची पाच मिनिटे प्रश्नांसाठी राखा. मी ती राखली नव्हती.